गुत्त्यातला रोज कसा ठरवायचा?

(धाराशिव जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला संयोजकांनी 'स्त्रिया आणि श्रम' या विषयावर बोला म्हणून सांगितलं. एवढा मोठा विषय मला पेलायचा नाही. मी आपल्या रोजच्या भांडणाचा विषय घेते. एखाद्या बाईनं गुत्तं घेतलं, तर तिच्याबरोबर येणाऱ्या बायांना तिनं रोज किती द्यायचा? मी कळंब तालुक्यातली. सहा वर्षं झाली, खुरपणीची आणि सोयाबीन काढणीची गुत्ती घेते. त्याआधी दुसऱ्यांच्या गुत्त्यात जात होते. त्यामुळे हा हिशेब मी दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे.

आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. यंदा कुणाचा गडी किती लाखाला राहिला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत असतं. पारावर चर्चा होते, मालक आणि गडी दोघंही घासाघीस करतात. बाईच्या रोजासाठी असं कुणी कधी बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मोसमात ज्या शेतकऱ्याची खुरपणी आधी निघते, तो एक आकडा बोलतो आणि तोच गावभर चालतो. आणि त्या सालगड्याच्या आकड्यात त्याच्या बायकोचं शेण काढणं, गोठा झाडणं, रास झाली की खळं साफ करणं हे सगळं गडप झालेलं असतं, त्याची नोंद कुठंच नाही.

गड्याला जास्त आणि बाईला कमी, हे तर आपण जन्मापासून ऐकतो. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ साली झाला. आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पण शेतात काम 'समान' होऊच दिलं जात नाही. फवारणी, पोती उचलणं त्याचं. खुरपणी, वेचणी, काढणी आपली. दिवसभर वाकून कंबरेचा काटा ढिला झाला तरी ते हलकं काम! कामं अशी वाटून दिली की कायदा बाहेरच उभा राहतो.

म्हणून गुत्तं आलं तेव्हा बायांना बरं वाटलं. एकराला बाई-गडी नसतो. एकराचा जो भाव ठरला तो ठरला, विळा कुणाच्या हातात आहे हे शेतकरी विचारत नाही. पण शेतकऱ्याशी असलेला भेद संपला आणि तो टोळीच्या आत आला. गुत्तं घेणारी आणि रोजानं येणारी, अशा आपल्यातच दोन जाती झाल्या. त्या कशा, ते हिशेबातच दिसेल. समजायला सोपे म्हणून आकडे मी माझ्या मनाचे धरते. तुमच्या गावचे आकडे घालून घरी पुन्हा करून बघा.

समजा दहा जणींची टोळी आहे. सहा एकर सोयाबीन, एकरी ३,६०० रुपयांनी घेतलं. तीन दिवसांत काम उरकलं. एकूण आले २१,६०० रुपये. ॲपे रिक्षाचे दिवसाला ८०० म्हणजे २,४०० गेले. राहिले १९,२०० आणि हजेऱ्या झाल्या ३०. आता गुत्तंवाली बाई म्हणते, 'गावात रोज ४०० चालू आहे, मी ४०० देते.' तीस हजेऱ्यांचे १२,००० झाले. वर राहिले ७,२०० आणि ते तिच्याकडं. तिची स्वतःची तीन दिवसांची हजेरी १,२०० धरली तर तिच्या घरी ८,४०० गेले. बाजूच्या पातीला काम करणाऱ्या बाईच्या घरी १,२०० गेले. तेच तीन दिवस, तोच विळा, आणि फरक सात पट.

ती बाई वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती म्हणते, जोखीम माझी, काम मी शोधते, मोबाइलचा खर्च माझा, शेतकऱ्याच्या शिव्या मी खाते. हे खरंच आहे. पण जोखमीचा प्रश्न नीट विचारा. शेतकऱ्यानं पैसे दिवाळीपर्यंत थकवले, तर ती बायांना स्वतःच्या पदरचे देते का? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, 'मलाच मिळाले नाहीत, तुला कुठून देऊ?' म्हणजे थकलेला पैसा दहा जणींचा आणि वरचा पैसा एकीचा. जी दर शनिवारी बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्याचे आलेले असोत वा नसोत, सगळ्यांचा रोज चुकता करते, तिनं दोन हजेऱ्या जास्त घेतल्या तरी मी हरकत घेणार नाही. बाकीच्यांनी जोखमीचं नाव काढू नये.

आम्ही आमच्या टोळीत काय करतो ते सांगते. प्रत्यक्ष हजेऱ्या ३०. त्यात एक हजेरी टोळीप्रमुखाची जास्त धरायची, काम शोधण्याची आणि हिशेबाची. आणि एक हजेरी पेटीची. झाले ३२ वाटे. १९,२०० भागिले ३२, म्हणजे ६०० रुपये. प्रत्येकीला तीन दिवसांचे १,८००, प्रमुखाला २,४०० आणि पेटीत ६००. हे वहीत लिहायचं आणि पैसे वाटायच्या आधी मोठ्यानं वाचायचं. आमच्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं.

ऊसतोडीत मुकादमाच्या नावानं आपण बोटं मोडतो, आणि ती मोडावीतच. पण एक गोष्ट बघा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तेव्हा मुकादमाचं कमिशन वेगळ्या टक्क्यानं ठरलं. ते मजुराच्या दराबाहेर, दिसेल असं ठेवलेलं आहे. आपल्या गुत्त्यात तेवढंही नाही. आपल्या बाईचं कमिशन आपल्याच रोजातून निघतं आणि ते किती हे कुणाला कळत नाही.

आता एकरी भाव किती मागायचा, याकडं वळू. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवांनी, आयांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. त्या रोजगार हमीचा पुढं १९७७ साली राज्यानं कायदा केला. तिथं मोजमापावर पैसे मिळायचे आणि दर बाई-गड्याला एकच होता. मापं उशिरा घेणं, हजेरीपटावर नवऱ्याचंच नाव लावणं, असे घोटाळे पुष्कळ. पण दर बसवण्यामागचा विचार चांगला होता. साधारण ताकदीच्या माणसानं सात तास काम केलं तर त्याला किमान रोज पडला पाहिजे, असे मापाचे दर धरायचे. म्हणजे आधी तास आणि रोज, मग माप. आपण उलटं करतो. शेतकरी एकराचा भाव बोलतो, आपण 'हो' म्हणतो, आणि मग तो परवडावा म्हणून पहाटे पाचला निघून अंधार पडेपर्यंत वाकतो. त्या रोजाला बारा तास लागले हे कुणी धरत नाही.

तेव्हा भाव बोलण्याआधी रानात जाऊन या. पीक आडवं पडलंय का, गवत किती, चिखल किती, रस्त्यापासून किती आत आहे हे बघा. शंका असली तर दोघींनी तासभर काढून बघायचं आणि पावलांनी मोजायचं. त्यावरून एकराला किती हजेऱ्या लागतील याचा अंदाज येतो. त्या हजेऱ्यांना तुमच्या रोजानं गुणा, रिक्षा आणि पेटी मिळवा, मग तोंड उघडा. रोजाच्या खालची एक रेघ हवी असेल तर सरकारची घ्या. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरलेली होती. मोसमात त्याच्या जवळपास येणारा रोज मला तरी मान्य नाही, कारण तो मोसम महिना-दीड महिन्याचाच असतो.

शेतकऱ्याचं काय, असं इथं कुणी विचारेल. आपल्यातल्या कित्येकींच्या घरी दोन-तीन एकर आहेच. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला होता. आडतीवर तो मिळत नाही हे आपणही सोसतो. पण त्याला भाव मिळत नाही म्हणून तिचा रोज कापायचा, हा न्याय कुठला? खताच्या दुकानात तो अशी सूट मागत नाही. हार्वेस्टर आणीन, परगावची टोळी आणीन ही धमकी मात्र खरी आहे. तिला उत्तर एकाच गावच्या तीन-चार टोळ्यांनी मोसमाआधी बसून खालचा भाव ठरवणं, हेच. आमच्या गावात हे दोन वर्षं टिकलं. तिसऱ्या वर्षी एक टोळी फुटली, आणि त्या वर्षी सगळ्यांचाच भाव पडला.

आता पेटी कशाला, ते सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकीनं अंग टाकलं तरी खाडा कोयत्याचा पडतो आणि दंड उचलीत चढतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आपल्या भूम, वाशी, कळंबच्या बायाही त्याच फडात जातात. ज्या रोजात एकही दिवस अंग टाकायची सोय नाही, त्याची किंमत बाई अशी मोजते.

हमालांनी हे फार आधी ओळखलं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यात मजुरीवर आणखी काही टक्के लेव्ही मालकानं मंडळात भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पगार निघायचा. काम नसलेल्या दिवसाचा पैसा काम असलेल्या दिवसाच्या दरातच धरायचा, ही त्यातली खुबी. आमची पेटी म्हणजे त्याचं फारच लहान रूप. रानात जाऊन पावसानं परत यावं लागलं तर अर्धी हजेरी पेटीतून. पाळीच्या दिवसात कुणी दुपारी घरी गेली तर राहिलेली अर्धी पेटीतून. पेटी पुरत नाही, हे लगेच सांगते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंड्यापासून कळंबपर्यंत सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा ठरलेली गुत्ती सगळी मोडली आणि आमची पेटी आठ दिवसांत रिकामी झाली. शेतांचे पंचनामे झाले. बुडालेल्या हजेऱ्यांचा पंचनामा करायला कुणी आलं नाही. शेतमजुराचं नाव त्या कागदावर यावं ही मागणी आपण लावून धरायला हवी.

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्या टोळीत एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांची पात मागं राहते. तरण्या पोरी कुरकुरतात, 'आम्ही दोन पाती काढतो, त्या एक, आणि रोज सारखाच?' काही टोळ्या यावर उपाय म्हणून पातीवर पैसे देतात, म्हणजे गुत्त्याच्या पोटात गुत्तं. मला ते पटत नाही. मी तशा टोळीत काम केलेलं आहे. पाणी प्यायला उठायचं नाही, लघवीला जायचं नाही, बाजूचीच्या पातीकडं डोळा ठेवायचा. आम्ही मावशींना ढीग लावणं, पाणी आणणं, झाडाखाली लेकरं बघणं ही कामं देतो आणि हजेरी पूर्ण देतो. हा उपकार नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मुलं सांभाळणं हे काम आहे, हे सरकारनं लिहून दिलं. आपणच ते धरत नाही.

पण त्या पोरींचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. तिच्या डोक्यावर बचत गटाचा हप्ता आहे, अंगात ताकद आहे ती याच चार वर्षांत. तिला दुसरी टोळी जास्त देते म्हणाली तर ती जाणारच. गेल्या मोसमात आमच्या दोघी गेल्या.

ज्यांच्या लेकी-सुना पुण्याला साफसफाईच्या, काचा पुसण्याच्या कामाला आहेत, त्यांच्यासाठी थोडं. तिथं कंपनी मोठ्या ठेकेदाराला देते, तो लहान ठेकेदाराला, आणि तो पोरींना रोजावर घेतो. प्रत्येक पायरीला रोज खरवडला जातो. लहान ठेकेदारानं पैसे बुडवले तर पोरी त्याच्याच मागं फिरतात, आणि तो फोन बंद करतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकानं द्यायची. नव्या संहितेतही ही जबाबदारी ठेवलेली आहे. तेव्हा कुठल्या इमारतीत, कुणासाठी, किती दिवस काम केलं हे पोरींना रोजच्या रोज लिहून ठेवायला सांगा. गेटावरच्या नोंदवहीत सही होत असेल तर मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा.

आमच्या वहीचा नमुना मी आणला आहे. त्यात एकर, भाव, रिक्षा, हजेऱ्या, प्रमुखाची हजेरी, पेटी आणि शेतकऱ्याकडून पैसे आल्याची तारीख, एवढेच रकाने आहेत. जेवणाच्या सुट्टीत उतरवून घ्या. आणि पातीच्या प्रश्नावर तुमच्या टोळीत काय चालतं, ते मृगाच्या पेरण्यांआधी मला कळवा. आमच्या टोळीची बैठक तेव्हाच आहे, आणि गेलेल्या त्या दोघींनाही मी बोलावलेलं आहे.