यादीतली सभासद आणि मांडवातली सभासद

(देवपूर, धुळे येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायला सांगितलंय ते विद्यापीठ आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संपाबद्दल, आणि संपाच्या काळात सभासदांची बांधणी कशी करायची याबद्दल. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, हा तर युनियनचा विषय, आपल्या महिला मंडळाचा आणि बचत गटाचा याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. पांझरेच्या अलीकडचं हे आपलं देवपूर शाळा-कॉलेजांनी भरलेलं आहे. त्या कॉलेजांत सकाळी झाडू मारणारी, प्रयोगशाळेत काचसामान धुणारी, ग्रंथालयात पुस्तकं लावणारी, कार्यालयात परीक्षेचे अर्ज तपासणारी बाई आपल्याच गल्लीत राहते. संपाचा मांडव कॉलेजच्या फाटकाशी पडतो, पण संप टिकणार की मोडणार हे पुष्कळदा तिच्या घरात ठरतं.

थोडा मागचा हिशेब आधी मांडते.

महाराष्ट्रात सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा मोठा संप झाला तो १९७७-७८ साली. चोपन्न दिवस चालला. त्या वेळी आपलं धुळे पुणे विद्यापीठाखाली होतं. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं आणि खानदेशातली कॉलेजं त्याला जोडली गेली. २०१८ साली त्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. शेतात राबणारी, लिहिता-वाचता न येणारी एक बाई, आणि तिचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर! आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण त्या कमानीच्या आत झाडलोट करणाऱ्या बाईचं नाव कुठल्या हजेरीपटावर आहे, हेही आपणच विचारायला हवं.

अलीकडचं सांगायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, राज्यभरच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षांची तयारी अडली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार, नंतर एक दिवसाचा लाक्षणिक संप आणि २० फेब्रुवारीपासून बेमुदत संप झाला. रद्द केलेली सुनिश्चित प्रगती योजना पुन्हा लागू करा, दहा-वीस-तीस वर्षांच्या सेवेनंतरचे लाभ द्या, सातव्या वेतन आयोगातून वगळलेल्या १४१० विद्यापीठ कर्मचाऱ्यांना तो लागू करा, ५८ महिन्यांची थकबाकी द्या, रिकाम्या जागा भरा, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन द्या, अशा मागण्या होत्या. त्यानंतर लगेच १४ ते २० मार्च २०२३ या आठवड्यात जुन्या पेन्शनसाठी राज्यातल्या सगळ्या सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला.

या मागण्या न्याय्य आहेत. पेन्शन हा तर सरळसरळ बायकांचा प्रश्न आहे. नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर शिपाई म्हणून लागलेल्या किती तरी जणी आपल्याला माहीत आहेत. म्हातारपणी मुलासमोर, सुनेसमोर हात पसरायचा की नाही, एवढाच पेन्शनचा अर्थ तिच्यासाठी असतो. पण हेही बघा: वेतन आयोग, प्रगती योजना, पेन्शन, या तिन्ही गोष्टी ज्याची नेमणूक कायम आहे त्याच्या. ठेकेदारामार्फत आलेल्या सफाईच्या बाईला, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोजंदारीवर पोळ्या लाटणाऱ्या बाईला त्यातून काय मिळतं?

आता माझा मुख्य मुद्दा. युनियनच्या वहीत ज्यांची वर्गणी जमा आहे त्या सगळ्या सभासद, असं आपण धरून चालतो. संपाचा पहिला दिवस उजाडला की कळतं, यादीतली सभासद वेगळी आणि मांडवात येऊन बसलेली सभासद वेगळी. हे अंतर भाषणाने भरून निघत नाही. संपाच्या आधी, एकेका बाईशी बोलून, तिच्या अडचणी मोजूनच ते भरावं लागतं. आणि तिची मागणी मागणीपत्रात नसेल तर तिने मांडवात का यावं, याचं उत्तर आपल्याकडे नसतं.

कॉलेजात शिपाईकाम करणाऱ्या बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात. विद्यार्थी म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, युनियनचे सेक्रेटरीही म्हणतात. शब्द प्रेमाचा आहे. पण मावशीचं नाव काय, ती राहते कुठे, तिच्या घरी कोण कोण आहे, हे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एकदा सभासदांची यादी वाचून झाल्यावर मागे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, ‘मनं नाव यादीमा शे का?’ पंधरा वर्षं झाडू मारणारी बाई. यादीत तिचं नाव नव्हतं, कारण ती ठेकेदाराची. बांधणीची सुरुवात या प्रश्नापासून होते.

हे काम दुय्यम मानायची सवय जुनी आहे. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचा खटला आला होता. विद्यापीठ हा उद्योग नाही, असा निकाल लागला. कारण असं की विद्यापीठाचं खरं काम शिकवण्याचं, आणि इतर नोकरांचा त्यातला वाटा किरकोळ. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ही समजूत मोडली आणि शिक्षणसंस्थाही ‘उद्योगा’च्या व्याख्येत येऊ शकतात असं म्हटलं. २०१७ मध्ये तो प्रश्न पुन्हा नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला. कायद्याचा कीस वकील काढतील. आपण एवढंच लक्षात ठेवायचं की ज्या कामाला ‘किरकोळ’ म्हटलं गेलं ते थांबलं की परीक्षा थांबते. आणि घरातलं काम ‘किरकोळ’ म्हणतात तेव्हा काय होतं, हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको!

मग बांधणी करायची कशी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस सांगितली आहे. ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. ही बंधनं जाचक आहेत आणि त्यांना विरोध व्हायलाच हवा. पण ते १४ दिवस आपण वापरायचे. नोटीस दिली आणि चौदा दिवस नुसती वाट पाहत बसलो, असं होता कामा नये.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खरी यादी करा. कायम, तासिका, रोजंदारी, ठेकेदाराकडच्या, अशा सगळ्या बायकांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि कामाची वेळ त्यात लिहा. सफाईच्या बायका पहाटे येतात आणि दहा-अकराला जातात. युनियनची सभा संध्याकाळी सहाला ठेवली तर त्या कधीच येणार नाहीत, आणि कार्यालयातल्या बाईचाही तेव्हा चुलीपाशी जायचा वक्त झालेला असतो. ‘बायका सभेला येतच नाहीत’ अशी तक्रार करण्याआधी सभेची वेळ बदलून बघा. जेवणाच्या सुटीत अर्धा तास, तोही ज्या विभागात त्या काम करतात तिथेच, एवढं पुरतं.

दर पाच-सहा बायकांमागे एक जबाबदार बाई नेमा. तिने घरी जायचं. घरी गेल्यावर संप का आहे हे एकट्या तिलाच समजावू नका, नवऱ्याला आणि सासूलाही बसवा. ‘काम नाही तर पगार नाही’ हे त्यांनी ऐकलेलं असतं. महिन्याचा पगार अडला तर पतपेढीचा हप्ता, बचत गटाचा हप्ता, पोराची फी यांचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. तो टाळायचा नाही. पगार किती दिवस अडू शकतो, संपनिधीत किती आहे, कुणाला आधी द्यायचा, हे कागदावर मांडून दाखवायचं. इथे आपले बचत गट कामाला येतात. संपात उतरलेल्या सभासदाचा हप्ता महिनाभर पुढे ढकलायचा ठराव गटाने आधीच केला तर त्या बाईला केवढा धीर येईल!

मांडव घालताना बायकांचा विचार करा. जवळ संडास आणि पिण्याचं पाणी आहे का? लहान पोर घेऊन बसायला सावली आहे का? रात्रीच्या धरण्याला बाई बसणार असेल तर तिच्यासोबत दुसरी कोण आहे? मांडवात बायकांनी फक्त चहा करायचा आणि पुरुषांनी माईक धरायचा, ही वाटणी पहिल्याच दिवशी मोडा. संपनिधीचा हिशेब बाईच्या हाती द्या. गट चालवणाऱ्या बायकांना हिशेब ठेवता येतो. आणि कुणी मांडवात अंगचटीला आला, मोबाईलवर घाणेरडं काही पाठवलं, तर ‘संप चालू आहे, आता नको’ असं म्हणून तिला गप्प बसवू नका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटी आणि रोजंदारीवरची बाईही येते. संघटनेच्या आत बाई सुरक्षित नसेल तर ती पुढच्या संपाला येणार नाही, आणि तिने का यावं?

ठेकेदाराच्या बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. संपात त्या कामावर गेल्या की त्यांना ‘फितूर’ म्हणणारे निघतात. जिला एका दिवसात घरी बसवता येतं, जिचा पगार आधीच तीन महिने मागे असतो, तिला फितूर म्हणणं सोपं आहे. तिच्यासाठी आपण काय केलं? ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ संस्थेने ती द्यावी, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातली होती; नव्या संहितेतही ती आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीची पावती, बँकेत पगार, आठवड्याची भरपगारी सुटी या चार मागण्या मागणीपत्राच्या पहिल्या पानावर घ्या. शेवटच्या ओळीत ‘तसेच इतर मागण्या’ असं लिहून चालणार नाही. वाटाघाटीला बसताना जी मागणी शेवटी असते ती चहा येईपर्यंत सुटलेली असते. म्हणून वाटाघाटीच्या समितीतही किमान दोन बाया हव्यात, आणि त्यांतली एक कंत्राटी.

हे होत नाही असं म्हणू नका. आपल्याच मुलखात झालेलं आहे. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, १९७२ पासून, श्रमिक संघटनेत आदिवासी बायका जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात उतरल्या. सोबत लढता लढता त्यांनी दारूचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न संघटनेसमोर ठेवला, दारूची मडकी फोडली. तो घरातला प्रश्न आहे असं म्हणून त्यांनी तो बाहेर ठेवला नाही. पुढे १९७९ मध्ये श्रमिक स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली. आणि अंगणवाडीच्या बायकांकडे बघा. ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस त्या संपावर होत्या. ‘सेविका’, ‘मदतनीस’ म्हणून ज्यांना कर्मचारी मानायलाही सरकार तयार नव्हतं, त्या बावन्न दिवस टिकल्या. कॉलेजच्या युनियनने आपल्या गावातल्या अंगणवाडीताईंना बोलावून त्यांच्याकडून शिकावं.

विद्यार्थिनींचंही मन सांभाळायला हवं. संप सुरू झाला की बोनाफाईड मिळत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही, निकाल लांबतो. साक्री-शिरपूरच्या खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलीची परीक्षा लांबली की घरात तिच्या लग्नाची बोलणी पुढे सरकतात. हे नुकसान खरं आहे. संपाआधी आठ दिवस मुलींची सभा घ्या, त्यांच्या हातात पत्रक द्या, ज्यांचे दाखले तातडीचे आहेत ते आधीच काढून द्या. जी मुलगी आज दाखल्यासाठी खिडकीशी उभी आहे, तिची आई कदाचित ठेकेदाराकडे झाडू मारत असेल.

शेवटचं, संप मिटल्यानंतरचं. संप मिटला की गुलाल उधळतात आणि जो तो घरी जातो. पण कामावर परत जाण्याचा पहिला दिवस बायकांना सगळ्यात जड असतो. कुणाची बदली, कुणाला मेमो, कुणाला दुसऱ्या इमारतीत एकटीला टाकलेलं. त्या दिवशी एकीनेही एकटीने फाटकातून आत जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं. आठ दिवसांत पुन्हा सभा घ्यायची. कबूल झालेलं काय मिळालं, कुणाचा पगार कापला, कोणत्या कंत्राटी बाईला कमी केलं, याची नोंद करायची आणि तिच्यासाठी संपाइतक्याच जोराने उभं राहायचं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक काम करून यावं. आपल्या वस्तीजवळच्या एका कॉलेजात जा. तिथल्या मावशीशी बोला, आणि तिचं पूर्ण नाव, तिची कामाची वेळ, तिचा पगार कोण देतं, हे लिहून आणा. त्या कागदांची एक यादी करू आणि ती युनियनच्या लोकांसमोर ठेवू. पुढच्या संपाची तयारी त्या यादीवरून सुरू होईल.