शतरंज आणि पोटापाण्याचा प्रश्न

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडईत पहाटेपासून तराजू धरणाऱ्या वडिलांना मुलगा शतरंजच्या स्पर्धांना जातो म्हणतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "यात पोट भरेल का?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. त्याचे उत्तर मात्र सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही.

मीर सुलतान खान हे पंजाबचे. सर उमर हयात खान या बड्या जमीनदारांच्या आश्रयाने ते विलायतेस गेले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसले. कॅपाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यालाही त्यांनी हरविले. पण १९३३ अखेर आश्रयदात्यांबरोबर ते मायदेशी परतले आणि त्यांची कारकीर्द तिथेच थांबली. १९६६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. मानाचा ग्रँडमास्टर किताब जागतिक संघटनेने दिला तो २०२४ साली! हुन्नर स्वतःचा होता, आधार दुसऱ्याचा होता.

तीच ब्रिटिश स्पर्धा २००३ साली आपल्या पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी जिंकली. ते २००० साली ग्रँडमास्टर झाले. आनंद, बरुआ आणि ठिपसे यांच्यानंतर भारतातले चौथे. या किताबासाठी २५०० मानांकन लागते आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत तीनदा मोठी कामगिरी करावी लागते. अशा स्पर्धांसाठी बाहेरगावी, परदेशी जावे लागते. प्रवेश फी, गाडीभाडे, राहणे, शिकवणी हा सगळा खर्च आधी, बक्षीस मागाहून. आणि तेही वरच्या चार-सहा जणांनाच. पालकांनी हा हिशेब मांडल्याशिवाय पाऊल टाकू नये.

पण कुंटे नुसत्या बक्षिसांवर थांबले नाहीत. ते शिकवू लागले. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते, पटावर न बसता! त्या संघातली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. मुलींच्या आई-वडिलांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

अजिंक्यवीर लाखांत एखादा. बाकीच्यांचा संसार चालतो तो शिकवण्यावर, पंचगिरीवर, नाहीतर रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्यांसारख्या ठिकाणी खेळाडू म्हणून मिळालेल्या नोकरीवर. नोकरीच्या अर्जात शिक्षणाचा रकाना असतोच. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पटासाठी दहावी सोडण्याची भाषा माझ्यापाशी करू नका. आणि पालकहो, एका चाचणीत गुण घसरले म्हणून सोंगट्या माळ्यावर टाकू नका. आधी जिल्हा स्पर्धा खेळू द्या. दोन वर्षे मानांकन चढते की नाही ते वहीत टिपून ठेवा, आणि मग ती वही घेऊन खुशाल माझ्याकडे या.