जुनाट कंबरदुखी : शस्त्रक्रियेविना उपचार



कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली, की रुग्ण प्रथम पट्टा किंवा ट्रॅक्शनची मागणी करतो. ज्या दुखण्यामागे निश्चित विकार सापडत नाही, त्यासंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड व अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. व्यायाम, दुखण्याविषयी योग्य माहिती, मसाज, मानसोपचार आणि जरुरीपुरत्या दाहशामक गोळ्या यांना पसंती दिली आहे. यांपैकी एकही उपाय रामबाण नाही. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो : अंथरूण धरू नका, हिंडते-फिरते राहा, व्यायामात सातत्य ठेवा. मात्र पायातली शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे किंवा सोबत ताप येणे, अशी लक्षणे दिसताच विनाविलंब तपासणी करून घ्यावी, ही नम्र विनंती.