मोबाईलवरचा रोजनामा

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ नागरिक गटातर्फे केलेले भाषण, स्मरणिकेसाठी उतरवून घेतलेले)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'न्याय आणि नवं तंत्रज्ञान'. माझ्यानंतर लहान मुलांचा नाच आहे. मुलं मेकअप करून मागे ताटकळत उभी आहेत, तेव्हा वेळ पाळते.

मी ३१ वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. साहेब सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये उतरवायचे आणि मग टाईप करायचे. त्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडायची. पट्टेवाला पुकारा करतो, माणूस धावत आत येतो, दोन मिनिटं काहीतरी बोलणं होतं आणि बाहेर आल्यावर वकील सांगतात, "पुढची तारीख." माणूस मान हलवतो आणि एस.टी. पकडायला जातो. रोजनाम्यात काय लिहिलं गेलं ते मला माहीत असायचं. ज्याची केस, त्याला नाही. न्याय मिळणं फार पुढची गोष्ट, आज काय झालं हेच कळत नसे.

आता एक हकिकत सांगते. आपल्या तीन विंगमध्ये मिळून सहा घरी काम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे, नाव घेत नाही. त्यांचे यजमान टेम्पोच्या धडकेत गेले. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लावलेला होता. मावशी दर तारखेला सहा घरी खाडा करून जायच्या. पुढे त्यांच्या वकिलांनी सांगितलं, "दर वेळी येऊ नका, गरज लागली की बोलावतो." बोलावणं आलं नाही. दीड वर्ष गेलं. एक दिवस फरशी पुसता पुसता त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही कोर्टात होता ना? माझ्या केसचं जरा बघता का?"

पूर्वी असतं तर मी म्हटलं असतं, कोर्टात जा, क्लार्कला भेटा, नकलेचा अर्ज टाका. या वेळी म्हटलं, घरात कोर्टाचा एखादा कागद असेल तर आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, आणि त्यात एका कागदावर सीएनआर नंबर. हा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर प्रत्येक केसला असतो. सुरुवातीला 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, मग जिल्हा-न्यायालयाची खूण, शेवटचे चार आकडे वर्षाचे. ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपमध्ये तो टाकला. पडद्यावर आलं: केस निकाली. अर्जदार गैरहजर म्हणून दावा काढून टाकला. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

मी तीनदा वाचलं. मावशी समोर उभ्या, हातात फडकं. त्यांना कसं सांगावं हे मला ३१ वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

आदेश इंग्रजीत होता. सी विंगमधला आपला एक इंजिनिअर मुलगा म्हणाला, "काकू, एआयला सांगतो, मराठीत करून देईल." दिलं हो. भाषाही छान, माझ्यापेक्षा शुद्ध. पण एका वाक्यात त्याने लिहिलं होतं, 'दाव्यात तथ्य नसल्याने फेटाळला.' मूळ आदेशात होतं की अर्जदार हजर नाही म्हणून काढला. ऐकायला दोन्ही सारखंच, पण जमीन-अस्मानाचा फरक. तथ्य नाही म्हणून फेटाळला तर वर अपील करावं लागतं. गैरहजेरीत काढला तर त्याच न्यायाधिकरणात अर्ज देऊन दावा पुन्हा फाईलवर घेता येतो. त्याची मुदत ३० दिवस. ती उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज, कारणांसकट. मावशींचा सगळा जीव त्या एका वाक्यात अडकला होता आणि मशीनने ते बिनधास्त चुकवलं.

मुलाचा उत्साह काही कमी होईना. त्याने अर्जाचा मसुदाही करून घेतला. मसुदा नीटनेटका, आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे, पक्षकारांची नावं आणि वर्षासकट. माझी जुनी खोड, मी ते शोधायला बसले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले अधिकृत निवाडे इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत, ई-एससीआर म्हणून. एक निवाडा सापडला, पण तो भलत्याच विषयावरचा. दुसरा कुठेच नाही, कारण तो कधी झालाच नव्हता! न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच बनावट निवाडे न शोधता कोर्टात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. ती माणसं शिकलेली वकील होती. मावशींकडून असा अर्ज गेला असता तर?

म्हणून मी एआयला नावं ठेवते असं नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात आपल्याच महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी घटनापीठापुढे चालू असताना बोललेला शब्द न् शब्द यंत्राने लागलीच उतरवून पडद्यावर दाखवला. बातमी वाचून मी पेन्सिल खाली ठेवली, म्हटलं, बाई, वेळेवर रिटायर झालीस. निवाड्यांच्या भाषांतरासाठी २०१९ पासून 'सुवास' नावाचं सॉफ्टवेअर आहे, आज कितीतरी निवाडे मराठीत वाचता येतात. पण ती भाषांतरं माणसं तपासतात. केरळच्या उच्च न्यायालयाने तर २०२५ मध्ये खालच्या कोर्टांना लेखी बजावलं की निर्णय घ्यायला एआय वापरायचं नाही. मला ते पटतं. टायपिंग करू दे त्याला, सही नको.

पुढे काय झालं? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. इथे बसलेल्या बायकांपैकी किती जणींना हे ठाऊक होतं? हात वर करा. ...बघा! १५१०० हा त्यांचा हेल्पलाईन नंबर, फ्रीजवर चिकटवून ठेवा. आम्ही जिल्हा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या वकील बाई तरुण होत्या, पण कागद नीट वाचणाऱ्या. आमच्या मसुद्यातले दोन्ही निवाडे त्यांनी काढून टाकले, वकिलांचा निरोप आणि मावशींच्या कामाचे दिवस एवढंच साध्या भाषेत लिहिलं. उशीर माफ झाला, दावा फाईलवर आला. सध्या पुराव्यावर आहे.

एक राहिलंच. मावशींकडे बटणाचा फोन आहे. ते ॲप त्यांच्या काहीच उपयोगाचं नाही. ते माझ्या फोनवर आहे, आणि बोर्ड लागला की त्यांची केस कितव्या नंबरावर आहे ते मी जिन्यात सांगते. म्हणजे आज तरी त्यांचा ऑनलाईन न्याय दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी गावाला गेले की तोही बंद.

आपल्या कन्व्हेयन्सच्या वेळी सचिवांनी जुने इंडेक्स टू नोंदणी खात्याच्या साईटवरून काढले होते, तेव्हा आपण सगळे त्यांच्या घरी रांगा लावून बसलो होतो ते आठवतंय ना? तसंच हे. म्हणून कमिटीने ठरावाने मान्य केलं आहे की पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी १० ते ११ मी सोसायटी ऑफिसात बसेन, सी विंगचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसेल. सभासदांसाठी आहेच, पण वॉचमन, मावशी, इस्त्रीवाले, ड्रायव्हर, सगळ्यांनी यावं. ग्राहक तक्रार असो, पगार थकलेला असो, गावच्या जमिनीची तारीख असो. सल्ला देणार नाही, मी वकील नाही. काय लिहिलं आहे ते वाचून दाखवेन आणि कुठे जायचं ते सांगेन. आधार नंबर आणि बँकेचे कागद मात्र कुठल्याही एआयमध्ये टाकायचे नाहीत, मुलाला तशी तंबी दिली आहे.

येताना मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि पहिल्या रविवारी जरा उशीर झाला तर रागावू नका, त्याआधीच्या शुक्रवारी मावशींची तारीख आहे आणि मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.