जुनी मोटार विकतांना

पुसदच्या एका गृहस्थाला आपली जुनी मोटार विकावयाची आहे, असें समजा. मोटार होंडा सिटी. २००० सालीं भारतांत विक्रीस आलेल्या व्हीटेक जातीची. दिसावयास ही चार दारांची घरगुती गाडी. परंतु तिच्या दीड लिटरच्या इंजिनाची ताकद सुमारें १०६ अश्वशक्ति, म्हणून वेगाची हौस असणारे तरुण तिच्यावर लुब्ध झाले. या जपानी यंत्रांतील खुबी अशी: इंजिनाचे फेरे कमी असतां हवा व पेट्रोल आंत घेणाऱ्या झडपा बेतानेंच उघडतात; फेरे वाढले म्हणजे तेलाच्या दाबानें एक खीळ सरकते आणि त्याच झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघड्या राहतात.

या गृहस्थानें गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. वेळच्या वेळीं तेल व टायमिंग बेल्ट बदलला. वऱ्हाडी उन्हाळ्यांत इंजिन तापूं नये म्हणून रेडिएटर स्वच्छ ठेवला. त्याबरोबर हौसहि केली: रुंद चाकें, आखूड स्प्रिंगा, गर्जणारा सायलेन्सर. आतां या हौसेचा पैन् पै खर्च भरून यावा, अशी त्याची अपेक्षा. परंतु बाजाराचा न्याय निराळा आहे. घेणारा पैसे मोजतो ते निगेबद्दल. खेड्यापाड्यांच्या वाटेवर आखूड स्प्रिंगांची गाडी पोट घासते, हें त्याला ठाऊक असतें. तेलाच्या पावत्यांची चळत आणि जपून ठेवलेले मूळ सुटे भाग जें काम करतात, तें चकाकणारीं चाकें करीत नाहींत.

यांत कायद्याचा प्रश्नहि आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास प्रत्येकीं ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तेव्हां फेरफार लपवून गाडी विकणें म्हणजे आपला दंड दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें होय. गाडीच्या नोंदणीचीं पहिलीं पंधरा वर्षेंहि केव्हांच संपलेलीं. पुढील पांच वर्षांचें नूतनीकरण झालें आहे कीं नाहीं, हेंहि उघड सांगावें.

विकणाऱ्याचा धोका तर याहून मोठा. पैसे आले, किल्ली दिली, व्यवहार संपला, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः नोंदणींत नांव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीनें मालक पूर्वीचाच राहतो. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. गाडी राज्यांतल्या राज्यांत विकली, तर चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळविणें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे. त्यासाठीं नमुना २९ व ३० भरून द्यावे लागतात. घेणारा शेजारचा असो वा सोयरा असो, या कामीं भीड उपयोगाची नाहीं.

गाडी दारांतून गेली तरी विकणाऱ्याचें नांव तिच्याबरोबर फिरत राहतें. तें कागदावरून वेळीं उतरविणें आणि गांवांत स्वच्छ राखणें, हीं दोन्ही कामें त्याचींच आहेत.