तक्रारीचा पत्ता



वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात दाखल होती. बायकांचा जनरल वॉर्ड. खाटा भरलेल्या आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून आणखी पेशंट. रात्री आत माझी बहीण आणि बाहेर व्हरांड्यात मी. दीडच्या सुमारास अम्मीची सलाईन संपली, नळीत रक्त चढू लागलं. बहीण सिस्टरना बोलवायला धावली. सिस्टर "आले हं" म्हणाल्या आणि आल्या तेव्हा पाऊण तास उलटला होता. अम्मीचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

मी व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसून तक्रार लिहिली. कवी असल्यामुळे शब्द चांगलेच धारदार सापडले. सकाळी मेट्रनच्या ऑफिसात कागद द्यायचा म्हणून निघालो, तर अम्मी म्हणाली, "त्या पोरीनं रात्रभर पाण्याचा घोट घेतला नाही. पलीकडच्या कोपऱ्यात एक बाई जात होती, तिथं ही एकटीच झटत होती. कागद फाड."

मी वळून पाहिलं. सिस्टर टेबलाशी बसून रजिस्टर भरत होत्या. डबा तसाच बांधलेला. साठेक पेशंट आणि रात्रपाळीला त्या एकट्या. मी कागद फाडला. मनाला फार बरं वाटलं. पुढे त्यावर कविताही लिहिली. लोकांनी दाद दिली.

आज मला वाटतं, कविता ठीक होती. पण कागद फाडला ती माझी चूक होती.

कारण दुसऱ्या रात्री त्या वॉर्डात पुन्हा एकच सिस्टर होती. तिसऱ्या रात्रीही. साठ जणींमागे एक परिचारिका ठेवली जाते आणि त्यामुळे पेशंटला इजा होते, याची नोंद कुठल्याच कागदावर झाली नाही. माझ्या दयेनं त्या सिस्टरना सोडलं, हे योग्यच झालं. पण जे रात्री घरी शांत झोपले होते त्यांनाही सोडलं.

मराठीत 'जबाबदारी' हा शब्द अरबी-फारसीतून आला. जबाब देणं ज्याच्याकडे आहे तो जबाबदार. 'करुणा' संस्कृतातून आली. दोन्ही शब्द आपल्या घरात इतकी वर्षं एकत्र नांदताहेत, की कोण कुठून आलं हे कुणी विचारत नाही. सार्वजनिक संस्थांत मात्र आपण या दोघींची फारकत करून टाकली आहे. एक तर 'बिचारे काय करणार' म्हणून सोडून देतो, नाही तर समोर दिसेल त्याची कॉलर धरतो.

मुंबईच्याच केईएम रुग्णालयाची कथा आपल्याला ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला. ती तळघरात कपडे बदलत होती. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंही या सेवेचा गौरव केला. सरकारी दवाखान्यात माया नसते असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

पण त्याच कथेची दुसरी बाजू आहे. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. मुलीची बदनामी नको, असा विचार त्यामागे होता असं सांगितलं जातं. म्हणजे तीही एका अर्थी दयाच. त्या दयेनं न्यायाचा एक दरवाजा बंद केला. आणि परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावं लागावं, हा प्रश्न त्या वेळी संप करून मुंबईच्या परिचारिकांनाच विचारावा लागला.

आता उलट टोक पाहा. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून किमान ११ रुग्ण दगावले. त्यानंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. त्यांचं काही चुकलं की नाही, ते न्यायालयानं ठरवावं. पण आग विझवणाऱ्या यंत्रणेसाठी निधी मंजूर करण्याची सही परिचारिका करत नाही, एवढं तुम्हा-आम्हाला कळतं. आपल्याकडे चौकशी वरून सुरू होते आणि जिना उतरत उतरत सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबते.

याचा अर्थ खालच्या माणसाला सगळं माफ, असा नाही. स्ट्रेचर ढकलायला पन्नास रुपये मागणाऱ्याचा पगार कमी आहे म्हणून मी गप्प बसलो, तर ते पन्नास रुपये माझ्यामागे उभ्या असलेल्या गरिबाच्या खिशातून जातात. माझी दया, खर्च त्याचा. तिथं तक्रार त्याच माणसाच्या नावानं झाली पाहिजे. पण छत्तीस तास जागा असलेल्या निवासी डॉक्टरवर हात उगारणं ही तक्रार नव्हे. तो गुन्हा आहे. त्यासाठी राज्यात २०१० पासून कायदा आहे.

मग ओळखायचं कसं? मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारतो. या माणसाच्या हातात वेगळं वागणं होतं का? असेल, तर त्यानं जबाब द्यावा. नसेल, तर ज्याच्या हातात होतं त्याचं दार ठोठवावं. अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्या रुग्णालयात मंजूर पदं किती, रिकामी किती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं कुणालाही विचारता येतं. अर्ज साध्या कागदावर होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अर्ज सिस्टरच्या विरोधात नसतो. खरं तर तो तिच्या बाजूनं असतो.

अम्मी आता नाही. तिचं म्हणणं मी अर्धंच ऐकायला हवं होतं, असं वाटत राहतं. तिच्या नजरेला त्या पोरीचे कष्ट दिसले, हे तिचं मोठेपण. पुढचं काम माझं होतं. तो कागद फाडून नवा लिहायचा होता : 'काल रात्री साठ रुग्णांमागे एकच परिचारिका होती. ती रात्रभर राबली. तरी माझ्या आईचा हात सुजला. दुसरी परिचारिका का नव्हती, याचा खुलासा व्हावा.'

चार ओळी. ना शिवी, ना कविता. तुमच्यावर अशी रात्र कधी आली, तर दया जरूर करा. पण कागद फाडू नका. त्याच्यावरचा पत्ता तेवढा बदला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)