फेस आणि तळे

श्रोतेहो, जितका फेस अधिक तितकी स्वच्छता अधिक, असा आपला एक भाबडा समज असतो. नोकरीच्या निमित्ताने चेन्नईच्या वेलचेरी भागात बिऱ्हाड केले, तेव्हा माझाही तो होता. एका रविवारी उत्साहाच्या भरात मी न्हाणीघराच्या फरशीवर आम्ल ओतले आणि वर ब्लीचिंग पावडर टाकली. क्षणार्धात घसा आवळला, डोळ्यांना धारा लागल्या. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, हे शाळेत शिकलेले रसायनशास्त्र मला न्हाणीघराबाहेर धावताना आठवले!

त्या दिवशी प्रथमच प्रश्न पडला : मोरीतून गेलेले पाणी पुढे जाते कोठे? वेलचेरीला स्वतःचा तलाव आहे, आणि जवळच पळ्ळिकरणैची विस्तीर्ण पाणथळ जमीन आहे. 2022 साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. भोवतालच्या वस्तीचे पाणी उताराने तिकडे वळते आणि पुढे ओक्कियम मडुवूमार्गे समुद्राकडे जाते. धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट हे वनस्पतींचे खत. ते तळ्यात पोहोचले की शेवाळ आणि जलपर्णी माजतात, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. आपली मोरी चकचकीत होते ती अशी, दुसऱ्याच्या खर्चाने.

हे अटळ मात्र नाही. 1950 नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, कारण तेव्हाच्या डिटर्जंटचे रेणू जिवाणूंना पचत नसत. पश्चिम जर्मनीने 1961 साली कायदा केला, आणि 1965 च्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांनीही सहज विघटन होणारे द्रव्य स्वीकारले. भारत सरकारनेही 1991 साली ‘इकोमार्क’ योजना आखली; मातीचे मडके हे तिचे चिन्ह.

आमच्या शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, पितळी दिवे चिंचेने उजळतात. माझी आजीही समईला चिंचच लावी. चिंचेतील आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवते. दोघींच्या भाषा निराळ्या, शास्त्र एकच. तथापि जुने ते सारे निरुपद्रवी, असेही मानू नये. रिठ्याचा फेस माशांना गुंगी आणतो. पूर्वी मासेमारीसाठी त्याचा उपयोग करीत. शिवाय घरात साथीचा आजार असेल तर रिठा जंतू मारणार नाही. तेथे जंतुनाशकच हवे, पण मोजून आणि एकटेच.

म्हणून माझे नियम साधे आहेत. वेष्टनावरील मजकूर वाचावा. फॉस्फेटविरहित वस्तू निवडावी. दोन द्रव्ये कधीही मिसळू नयेत. आणि मुख्य म्हणजे चमचाभर पुरत असेल तेथे मूठभर वापरू नये. या शेवटच्या नियमाला पैसा लागत नाही, उलट तो वाचतो.

सायंकाळी मी तलावाच्या काठाने फिरतो. बगळा पाण्यात एका पायावर उभा असतो. आमच्या घरच्या मोरीशी आपले काही नाते आहे, हे त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक असणे, श्रोतेहो, हे आपले काम आहे.